लांबलेला डोळा

"चष्मा लावला की मला सगळं स्वच्छ दिसतं. मग दर वर्षी थेंब घालून, बाहुली मोठी करून डोळा आतून कशाला तपासायचा?"

मायनस आठ, दहा, बारा नंबर असलेली माणसं हा प्रश्न हमखास विचारतात आणि त्यात काही चूक नाही. त्या तपासणीत अर्धा दिवस जातो. थेंब घातल्यावर तीन-चार तास जवळचं वाचता येत नाही, ऊन सहन होत नाही, घरी परतायला स्कूटर चालवणारं दुसरं कोणी तरी लागतं. एवढं करून डॉक्टर सांगतात, "सगळं ठीक आहे, पुढच्या वर्षी या." ठीकच होतं, तर बोलावलं कशाला?

या प्रश्नाचं उत्तर चष्म्यात सापडणार नाही. ते डोळ्याच्या लांबीत आहे. म्हणून आधी नंबर म्हणजे काय ते पाहू.

१. नंबर कसला असतो?

मायनस नंबरचा अर्थ काढायला एक सोपा हिशेब पुरतो. शंभराला नंबराने भागा. जे उत्तर येईल तितक्या सेंटिमीटरपर्यंत त्या डोळ्याला चष्म्याशिवाय स्पष्ट दिसतं. मायनस दोन असेल तर ५० सेंटिमीटर, म्हणजे वर्तमानपत्र वाचता येईल पण फळा नाही. मायनस पाचला २० सेंटिमीटर, एक वीत. मायनस दहाला १० सेंटिमीटर, अर्धी वीत. सकाळी उठल्यावर उशाशी ठेवलेला चष्मा चाचपडत शोधावा लागतो तो यामुळे. चष्मा शोधायलाच चष्मा हवा, अशी त्या माणसाची रोजची सुरुवात असते.

असं का होतं? जत्रेतला तंबूतला सिनेमा आठवा. एका टोकाला प्रोजेक्टर, दुसऱ्या टोकाला पांढरा पडदा. प्रोजेक्टर एकदा जुळवला की चित्र ठरावीक अंतरावर स्वच्छ उमटतं. आता प्रोजेक्टरला हात न लावता कोणी पडदा चार पावलं मागे नेला, तर चित्र पडद्याच्या अलीकडेच जुळेल आणि पडद्यावर पोहोचेपर्यंत विस्कटेल. डोळ्यात पुढचं पारदर्शक पारपटल आणि त्यामागचं भिंग हा प्रोजेक्टर. आतल्या मागच्या भिंतीवर चिकटलेलं दृष्टिपटल, ज्याला बोलताना आपणही 'डोळ्याचा पडदा'च म्हणतो, तो पडदा. मायनस नंबराच्या बहुतेक डोळ्यांत प्रोजेक्टर उत्तम असतो. पडदा मागे गेलेला असतो, कारण डोळा लांब झालेला असतो.

जन्मलेल्या बाळाचा डोळा पुढून मागे १६-१७ मिलिमीटर असतो. तो वाढत वाढत मोठेपणी २४ मिलिमीटरच्या आसपास थांबतो. चित्र पडद्यावर नेमकं पडेल एवढंच वाढायचं, हे भान निरोगी डोळ्याला असतं. काही डोळ्यांना ते राहत नाही. शाळेच्या वयात ते वाढतच राहतात, आणि ढोबळमानाने एक मिलिमीटर लांबी वाढली की नंबर अडीच ते तीनने वाढतो. मायनस नऊचा डोळा म्हणजे सुमारे तीन-साडेतीन मिलिमीटर जास्त लांब, सत्तावीस मिलिमीटरच्या पुढचा. (सगळेच नंबर लांबीमुळे येत नाहीत. पारपटल टोकदार होत गेलं किंवा मोतीबिंदू पिकताना भिंग घट्ट झालं तरी मायनस नंबर येतो. पण लहानपणी लागून वाढत गेलेला मोठा नंबर बहुधा लांबीचाच.)

मधोमध पातळ असलेलं अंतर्गोल भिंग हे चित्र पुन्हा मागे ढकलून पडद्यावर नेऊन ठेवतं. हे कसं घडतं त्याचं नेमकं स्पष्टीकरण योहान्नेस केप्लर या खगोलशास्त्रज्ञाने १६०४ साली दिलं. आजचा चष्मा, कॉन्टॅक्ट लेन्स, लेसिक, सगळं त्याच तत्त्वावर चालतं. यातला प्रत्येक उपाय चित्र हलवतो. पडदा आहे तिथेच राहतो. या प्रकरणातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यातून निघतं.

मायनस सहा किंवा त्याहून जास्त नंबर, अथवा २६ मिलिमीटरहून जास्त लांबी असेल तर बहुतेक नेत्रतज्ज्ञ त्याला तीव्र निकटदृष्टिता म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ सालच्या बैठकीत ही रेघ मायनस पाचवर ओढली गेली. रेघेच्या अलीकडे सुरक्षित आणि पलीकडे आजारी, असं मात्र मानू नका. धोका उतारासारखा वाढत जातो, मध्ये पायरी नाही.

२. तेवढ्याच कणकेची मोठी पोळी

डोळ्याच्या मागच्या भिंतीला तीन थर असतात. बाहेरचा पांढरा, चिवट थर आकार धरून ठेवतो. मधला थर रक्तवाहिन्यांचा, त्याला कोरॉइड म्हणतात. सर्वांत आतलं दृष्टिपटल जेमतेम पाव मिलिमीटर जाड असतं. प्रकाश टिपणाऱ्या कोट्यवधी पेशी त्यात असतात, आणि त्या मेल्या तर माणसाच्या डोळ्यात नव्या तयार होत नाहीत.

डोळा लांबतो तेव्हा भिंतीला नवीन माल मिळत नाही. तेवढ्याच कणकेची मोठी पोळी लाटावी तसं होतं: पोळी पातळ होते, कुठे कुठे पारदर्शक होते, कडेला चिरते. पाव मिलिमीटरचा कोरॉइड फार लांब डोळ्यांत एक दशांश मिलिमीटर किंवा त्याहूनही पातळ होतो. हे गंभीर आहे, कारण प्रकाश टिपणाऱ्या पेशींना बहुतांश प्राणवायू या थरातूनच मिळतो. शेत तेवढंच, पण पाटाचं पाणी आटलेलं, असं काहीसं. आतून पाहिल्यावर पातळ पडद्याखालच्या मोठ्या रक्तवाहिन्या पट्ट्यांसारख्या दिसतात. वाघाच्या कातड्याची आठवण यावी अशा. एवढ्याने नजर जात नाही. पण डॉक्टर त्याची नोंद करून ठेवतात, कारण ताण सुरू झाल्याची ती पहिली खूण असते.

पुढे काही डोळ्यांत ताण सगळीकडे सारखा राहत नाही. जुन्या सायकलच्या ट्यूबला झिजलेल्या जागी फुगा येतो, तसा डोळ्याच्या मागच्या भिंतीला फुगवटा येतो. इटालियन शरीरशास्त्रज्ञ अंतोनियो स्कार्पा याने १८०१ साली तो प्रथम वर्णन केला. अडचण अशी की हा फुगवटा बहुतेक वेळा जिथे यायला नको तिथेच येतो. आपली सर्वांत तीक्ष्ण नजर ज्या इवल्याशा जागेत असते, ज्या जागेने आपण वाचतो, सुई ओवतो, माणसाचा चेहरा ओळखतो, त्या पीतबिंदूपाशी.

३. मधोमध होणारं नुकसान

पीतबिंदूपाशी तीन वेगवेगळ्या गोष्टी घडू शकतात. त्यांची गल्लत करू नये, कारण एकीवर चांगला उपचार आहे, एकीवर शस्त्रक्रिया आहे आणि एकीवर आज काहीच नाही.

ज्यावर उपचार नाही ती आधी सांगतो. रक्तपुरवठा आटत गेला की पडद्याचे तुकडे हळूहळू विरतात. आत फिकट पांढरे चट्टे दिसू लागतात आणि वर्षानुवर्षं पसरत जातात. दुखत नाही, लाल होत नाही. वाचताना शब्दातलं एखादं अक्षर गायब व्हायला लागतं, आणि माणसाला वाटतं चष्म्याचा नंबर बदलला असेल. जपानमधल्या ताजिमी शहरात प्रौढांची पद्धतशीर पाहणी झाली, तेव्हा एका डोळ्याची नजर जाण्याच्या कारणांमध्ये तीव्र निकटदृष्टितेने झालेला पीतबिंदूचा बिघाड पहिल्या क्रमांकावर निघाला. श्रीमंत, उत्तम वैद्यकीय सोयी असलेल्या देशातली ही गोष्ट आहे.

दुसरी गोष्ट अचानक येते. ताणामुळे पडदा आणि कोरॉइड यांच्यामधल्या नाजूक अस्तराला बारीक तडे जातात. जुन्या वाड्याच्या भिंतीला चीर पडली की तिथे पिंपळाचं रोप उगवतं, तशा त्या तड्यांमधून नको असलेल्या नव्या रक्तवाहिन्या वर येतात. त्या कच्च्या असतात, झिरपतात, त्यांतून रक्त येतं. रुग्णाला सरळ रेषा वाकड्या दिसतात, बघायच्या नेमक्या जागी धुरकट डाग येतो. ऑस्ट्रियन नेत्रतज्ज्ञ अर्न्स्ट फुक्स याने १९०१ साली वर्णन केलेला काळा डाग म्हणजे अशाच रक्तवाहिन्यांनी मागे ठेवलेला वण. तेव्हा डॉक्टर फक्त वर्णन करू शकत होते. आज त्या रक्तवाहिन्यांची वाढ रोखणारं औषध थेट डोळ्यात टोचतात. ऐकायला भयंकर वाटतं. प्रत्यक्षात डोळा बधिर करून काही सेकंदांत ते उरकतं, आणि अनेकांची नजर काही प्रमाणात परतही येते. अट एकच, पिंपळाचं रोप असतानाच उपटायला हवं. महिन्या-दोन महिन्यांनी गेलात तर वण पडलेला असतो, आणि वणावर इंजेक्शन चालत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे चिरोट्याचे पदर सुटावेत तसे पडद्याचेच आतले थर एकमेकांपासून सुटू लागणं. फुगवटा मागे खेचतो, आतला थर मात्र तेवढा ताणला जात नाही. ओसीटी नावाच्या स्कॅनमध्ये हे पदर स्पष्ट दिसतात. नजर उतरू लागली की शस्त्रक्रियेचा विचार होतो.

४. कडेला होणारं नुकसान आणि लोझानचा डॉक्टर

"पडदा सरकला" हे शब्द आपण नात्यात, शेजारात कधी तरी ऐकलेले असतात. ते होतं कसं?

डोळ्याची पोकळी पारदर्शक, जेलीसारख्या पदार्थाने भरलेली असते. वयानुसार ती पातळ होते, आकसते आणि पडद्यापासून सुटते. हे सगळ्यांचंच होतं. लांब डोळ्यांत लवकर होतं. सुटताना जिथे पडदा आधीच विरलेला असतो तिथे ती त्याला ओढते आणि छेद पडतो. कोकणातल्या पावसाळ्यात भिंतीच्या बारीकशा चिरेतून ओल आत शिरते आणि बघता बघता रंगाचा मोठा पोपडा सुटतो. अगदी तसंच पातळ झालेलं पाणी छेदातून पडद्यामागे शिरतं आणि पडदा भिंतीपासून सुटत जातो. सुटलेल्या भागाचा कोरॉइडशी संबंध तुटतो, तिथल्या पेशी उपाशी राहतात.

शंभर वर्षांपूर्वीपर्यंत याचा अर्थ अंधत्व असा होता. रुग्णाला आठवडेच्या आठवडे डोकं न हलवता निजवून ठेवत, आणि फारसा उपयोग होत नसे. छेद दिसत असे, पण बहुतेक डॉक्टरांना तो आजाराचा परिणाम वाटे. स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरातला ज्यूल गोनँ म्हणाला की छेद हेच मूळ आहे, तो बुजवला तर पडदा पुन्हा चिकटेल. तासन्‌तास आत पाहून तो छेदाची नेमकी जागा कागदावर आखून काढी आणि बाहेरून तिथेच तापलेल्या सुईचा चटका देई. १९२० च्या दशकात त्याने पडदे पुन्हा बसवून दाखवले. वैद्यकाच्या इतिहासात मला हा प्रसंग फार मोठा वाटतो. सगळे ज्याला परिणाम समजत होते त्याला एका माणसाने कारण म्हटलं, आणि जगभरच्या असंख्य डोळ्यांची नजर वाचली. आज चटक्याऐवजी लेझर आणि गोठवण्याची सुई आहे, पण तत्त्व गोनँचंच.

छेद आहे पण पडदा सुटलेला नाही, अशा वेळी लेझरने छेदाभोवती वेढा घालतात. ओपीडीतलं काम, घरी जेवायला परत. पडदा सुटल्यावर मात्र मोठी शस्त्रक्रिया लागते. बाहेरून सिलिकॉनचा पट्टा बसवतात, किंवा आतली जेली काढून गॅस अथवा सिलिकॉन तेल भरतात आणि बरेचदा कित्येक दिवस पालथं झोपायला सांगतात. गॅस भरला असेल तर तो विरेपर्यंत विमानप्रवास पूर्ण वर्ज्य. उंचीवर हवेचा दाब कमी होतो, गॅस फुगतो आणि डोळ्यातला दाब धोकादायक वाढतो. त्याच कारणाने साडेतेराशे मीटरवरच्या महाबळेश्वरला 'विश्रांतीसाठी' घेऊन जाण्याची नातेवाइकांची प्रेमळ कल्पनाही बाजूला ठेवावी.

धोका किती? १९९३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मायनस एक ते तीन नंबरवाल्यांना चौपट, तर तीनच्या पुढच्यांना दहापट धोका दिसला. दहापट म्हटलं की धडकी भरते. पण सर्वसाधारण माणसांत वर्षाला दहा हजारांत एखाद्याचा पडदा सुटतो. दहापट धरली तरी वर्षाला हजारात एकाच्या आसपास. घाबरून जगण्याइतका हा धोका नाही, पण विसरून जाण्याइतका लहानही नाही.

खुणा तीन. अंधारातही डोळ्याच्या कडेला वीज चमकल्यासारखं होणं. काळ्या ठिपक्यांचा, जळमटांचा अचानक पाऊस. आणि नजरेच्या एका बाजूने सावलीचा पडदा पुढे सरकणं. वर्षानुवर्षं डोळ्यापुढे तरंगणारी एक-दोन जळमटं बहुतेकांना असतात, त्यांची काळजी नको. काळजी नव्यांची आणि अचानक वाढलेल्यांची. पीतबिंदू सुटायच्या आत शस्त्रक्रिया झाली तर नजर बरीचशी वाचते. सुटल्यावर झाली तर पडदा बसतो पण नजर पूर्वीसारखी होत नाही. हा फरक कधी कधी एका दिवसाचा असतो. म्हणून "दिवाळी झाली की दाखवू" हे इथे चालत नाही.

५. लेसिक झालं, नंबर गेला

लग्नाआधी मुलीचा चष्मा घालवायचा, पोलीस भरतीच्या आधी मुलाचा घालवायचा, म्हणून आपल्याकडे पुष्कळ जण लेसिक करून घेतात. शस्त्रक्रिया चांगली आहे. पण ती पारपटलाचा पातळसा थर घासून प्रोजेक्टर नव्याने जुळवते. ऑपरेशनआधी अठ्ठावीस मिलिमीटर असलेला डोळा ऑपरेशननंतरही अठ्ठावीसच असतो. पातळ कोरॉइड, कडेचे विरलेले पट्टे, मागचा फुगवटा, सगळं जागच्या जागी.

खरा धोका पुढे आहे. जाड भिंगांचा चष्मा ही एक पाटी होती. ती बघून प्रत्येक नवा डॉक्टर विचारायचा, "पडदा कधी तपासला?" चष्मा गेला, पाटी गेली. वीस वर्षांनी तीच बाई डोळ्यापुढे ठिपके आले म्हणून नव्या दवाखान्यात जाते, नंबर शून्य निघतो, आणि तिलाही सांगायचं सुचत नाही की पूर्वी मायनस नऊ होता. मोतीबिंदूचंही असंच. कमी शक्तीचं भिंग बसवलं की साठाव्या वर्षी आयुष्यभराचा चष्मा सुटतो. पण लांब डोळ्यात, विशेषतः कमी वयात, त्या ऑपरेशननंतर पडदा सुटण्याचा धोका थोडा वाढतो. म्हणून ऑपरेशनआधीचा नंबर आणि डोळ्याची लांबी फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी. लांबी मोजायला दोन मिनिटं लागतात, डोळ्याला हातही लावावा लागत नाही.

६. बाळंतपण

मोठा नंबर असलेल्या मुलींना घरातून आणि कधी दवाखान्यातूनही सांगितलं जातं की कळा देताना पडदा सुटेल, सिझेरियनच करून घे. ज्यांचा नंबर मोठा होता, अशा स्त्रियांचे डोळे बाळंतपणाआधी आणि नंतर तपासले गेले आहेत, आणि नैसर्गिक प्रसूतीने पडदा सुटतो असं त्यांत दिसलेलं नाही. केवळ चष्म्याच्या नंबरासाठी पोट उघडायचं कारण नाही. गरोदरपणात एकदा पडदा तपासून घ्यावा, हे योग्य.

शीर्षासनाची गोष्ट वेगळी आहे. उलटं उभं राहिल्यावर डोळ्यातला दाब जवळजवळ दुप्पट होतो. लांब डोळ्यांना काचबिंदूचा धोकाही जास्त असल्याने ज्यांना तो आहे किंवा असण्याची शंका आहे, त्यांनी ते आसन सोडावं. डोळ्यावर थेट ठोसा बसू शकेल असे खेळही टाळलेले बरे.

७. मुलाचा नंबर दर वर्षी वाढतोय

इथे मात्र अजून हातात काही असतं. नंबरातल्या प्रत्येक एककाबरोबर पीतबिंदूच्या बिघाडाची शक्यता सुमारे ६७ टक्क्यांनी वाढते, असा हिशेब २०१९ साली मांडला गेला. तो चक्रवाढ व्याजासारखा चालतो. मायनस तीनऐवजी मायनस सहा झाला तर १.६७ ला तीनदा गुणा: साडेचार पटींहून जास्त. हाच हिशेब उलटा वाचला तर आशा दिसते. एका एककाची वाढ रोखली तरी धोका चाळीस टक्क्यांनी उतरतो.

वाढ सुरूच होऊ नये यासाठी सर्वांत स्वस्त उपाय बाहेरचा उजेड. चीनमधल्या ग्वांगझू शहरात काही शाळांनी पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जादा मैदानावर नेलं. तीन वर्षांनी त्या शाळांमध्ये ३०.४ टक्के मुलांना मायनस नंबर लागला होता, इतर शाळांमध्ये ३९.५ टक्के. तैवानने २०१० पासून मुलांना रोज दोन तास बाहेर ठेवण्याची मोहीम राबवली. उलट बाजूला दक्षिण कोरियाचं सोल शहर: तिथे सैन्यभरतीसाठी तपासलेल्या १९ वर्षांच्या तरुणांपैकी ९६.५ टक्क्यांना मायनस नंबर होता, आणि पाचातल्या एकाहून जास्त जणांना तीव्र. शाळा सुटल्यावर थेट शिकवणीला जाणाऱ्या आपल्या शहरी मुलांचे पालक या आकड्याकडे लक्षपूर्वक पाहतील अशी माझी इच्छा आहे.

नंबर लागल्यावर अ‍ॅट्रोपिनचे अत्यंत सौम्य थेंब, वाढ मंदावणारी खास चष्म्याची भिंगं किंवा रात्री घालायच्या लेन्स उपलब्ध आहेत. यातलं काय, किती वर्षं, हे डोळ्याची लांबी दर सहा महिन्यांनी मोजून डॉक्टर ठरवतात. मुद्दाम कमी नंबरचा चष्मा देऊन वाढ थांबत नाही, एवढं मात्र नक्की.

८. खिडकीचे गज

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. डॉक्टर थेंब घालतात ते कडेचा पडदा बाहुलीच्या लहान भोकातून दिसत नाही म्हणून. तिथला छेद दुखत नाही आणि त्याने नजरही कमी होत नाही, म्हणून तो बरेचदा तुम्हाला कळणार नाही. पाहणाऱ्यालाच तो दिसणार, आणि पडदा सुटायच्या आत दिसला तर लेझरवर भागणार.

दोन तपासण्यांच्या मधले दिवस तुमचे. एक डोळा निरोगी असेल तर तो दुसऱ्याचं सगळं झाकून घेतो. महिनोन्‌महिने पत्ता लागत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा नेहमीचा चष्मा लावून, तळहाताने एक डोळा झाकून समोरच्या खिडकीच्या गजांकडे पाहा. मग दुसरा झाकून पाहा. गज सरळ दिसले पाहिजेत, मध्ये डाग नको, कुठे तुटलेले नकोत. वाकडे दिसले तर त्याच दिवशी फोन करा. फोनवर "नंबर वाढलाय वाटतं" असं म्हणालात तर पुढच्या महिन्यातली वेळ मिळेल. "मायनस दहाचा डोळा आहे आणि आजपासून रेषा वाकड्या दिसायला लागल्या आहेत," असं सांगा.